जुन्या गाडीची पीयूसी कधी पास, कधी फेल: पासिंगला जाण्यापूर्वी कारण कसे शोधावे

दहा-बारा वर्षे वापरलेली पेट्रोल गाडी घेतलेल्या अनेकांना एकच त्रास पुन्हा पुन्हा होतो. गाडी एका वर्षी पीयूसी चाचणीत सहज पास होते, पुढच्या वेळी तिचा कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या कितीतरी वर येतो, गॅरेजमध्ये प्लग बदलून आणि थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली की ती पुन्हा पास होते, आणि पंधरा वर्षे पूर्ण होऊन नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली की नेमकी फेल होते. मग मालक यंत्राला दोष देतो, केंद्रचालक गाडीला आणि मिस्त्री पेट्रोलला. वास्तविक असा बदलता निकाल कायम फेल होणाऱ्या गाडीपेक्षा शोधायला सोपा असतो, कारण पास झालेल्या आणि फेल झालेल्या वेळी गाडीची स्थिती कशी वेगळी होती, एवढाच प्रश्न सोडवायचा असतो. इंजिन किती तापलेले होते, टाकी किती भरलेली होती, गाडी हायवेवरून आली होती की रहदारीतून, रांगेत किती वेळ उभी होती, या गोष्टी प्रत्येक चाचणीच्या वेळी लिहून ठेवल्या तर निम्मे निदान कागदावरच होते.

त्याआधी आपल्या गाडीला कोणती मर्यादा लागू आहे याची खात्री करावी, कारण येथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे बीएस-२ आणि बीएस-३ (भारत स्टेज, म्हणजे वाहनांच्या धुराची मानके) या मानकांच्या पेट्रोल मोटारींसाठी आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसते चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन (न जळालेले पेट्रोल) ७५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) अशी मर्यादा आहे. बीएस-४ गाड्यांसाठी हीच मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम अशी कडक आहे, शिवाय इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर धरून दुसरी चाचणी घेतली जाते, तीत कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा (हवा आणि पेट्रोल यांच्या प्रमाणाचा आकडा, १ म्हणजे अचूक) ०.९७ ते १.०३ या दरम्यान असावा लागतो. बीएस-४ मानक एप्रिल २०१० मध्ये देशातील निवडक शहरांत लागू झाले, त्यांत आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे होती, तर उर्वरित देशात ते एप्रिल २०१७ मध्ये आले. त्यामुळे २०११ साली पुण्यात नोंदलेली गाडी आणि त्याच वर्षी साताऱ्यात नोंदलेली तशीच गाडी यांना वेगवेगळी मर्यादा लागू असू शकते. शेजाऱ्याच्या गाडीचे रीडिंग आपल्यापेक्षा जास्त असूनही ती पास झाली, ही तक्रार अनेकदा या फरकातून निर्माण होते. आरसीवर किंवा वाहन पोर्टलवर आपल्या गाडीचे मानक पाहून घ्यावे आणि केंद्रावर तेच निवडले आहे ना, हे विचारावे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रमाणपत्रावरील पास हा शब्द वाचून कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकू नये. त्यावर छापलेले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे वाचावेत, आणि ज्या यंत्राच्या पडद्यावर कार्बन डायऑक्साइड व ऑक्सिजन हेही दिसतात तेथे केंद्रचालकाच्या परवानगीने त्या पडद्याचा फोटो घ्यावा. चांगल्या तापलेल्या, निरोगी इंजिनात कार्बन डायऑक्साइड साधारण १४ ते १५ टक्के आणि ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. कार्बन मोनॉक्साइड वाढलेला आणि ऑक्सिजन जवळजवळ शून्य असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त जात आहे. हायड्रोकार्बन खूप वाढलेला, पण कार्बन मोनॉक्साइड कमी असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकत आहे किंवा इनटेककडून हवा गळतीने आत येत आहे. ही हवेची गळती आयडलिंगला जास्त जाणवते आणि इंजिनाच्या फेऱ्या वाढवल्या की तिचा परिणाम कमी होतो, म्हणून आयडलिंगला खराब आणि वरच्या फेऱ्यांवर ठीक असे रीडिंग आल्यास आधी इनटेकचे रबरी पाइप, त्यांच्या क्लिपा आणि ब्रेक बूस्टरकडे जाणारा व्हॅक्यूम पाइप तपासावा.

पास झालेले रीडिंगसुद्धा संशयास्पद असू शकते. सायलेन्सरच्या नळीत प्रोब (यंत्राची धूर ओढून घेणारी नळी) पुरेसा आत गेला नाही, किंवा सायलेन्सरला भोक असले, तर बाहेरची हवा मिसळून सगळेच वायू विरळ होतात. अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड छान कमी दिसतो, परंतु कार्बन डायऑक्साइड दहा-अकरा टक्क्यांवर उतरलेला आणि ऑक्सिजन चार-पाच टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. हा निकाल गाडीचा नसून हवेच्या भेसळीचा आहे, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या केंद्रावर प्रोब नीट आत गेला की गाडी अचानक फेल झाल्यासारखी वाटते. गाडी न तपासता केवळ नंबरप्लेटच्या फोटोवर प्रमाणपत्र देणारे लोकही आहेत. जुन्या गाडीच्या मालकाने त्या मार्गाला अजिबात जाऊ नये असे मी आग्रहाने सांगेन. इंजिनच्या प्रकृतीची इतकी स्वस्त तपासणी दुसरी कोणतीही नाही, आणि ती टाळून आपण फक्त दोष वाढायला वेळ देतो.

आता अशा बदलत्या निकालाचे एक उदाहरण थोडे तपशिलात सांगतो, कारण त्यात दडलेला दोष जुन्या बाजारातील गाड्यांमध्ये फार आढळतो. माझ्या मावसभावाने २०११ ची, मूळ पुण्यात नोंदलेली पेट्रोल हॅचबॅक घेतली आणि तो ती कराडला वापरू लागला. कामानिमित्त पुण्यात असताना संध्याकाळच्या स्वारगेट-कात्रजच्या रहदारीतून बाहेर पडून चाचणी केली की गाडी पास होत असे. हायवेने कराडला पोहोचून तेथे चाचणी केली की कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या बराच वर येत असे, आणि हिवाळ्यात तर हमखास. सर्वसाधारण समज याच्या उलट आहे, कारण लांब पल्ला मारून आलेली गाडी उत्तम तापलेली असते आणि तिचे रीडिंग चांगले यायला हवे. गॅरेजमध्ये प्लग, एअर फिल्टर आणि इंजेक्टरची सफाई झाली होती, आणि धुरातील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलावा असा सल्लाही मिळाला होता.

सेन्सरवर खर्च करण्याआधी आम्ही स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या पोर्टला मोबाइलशी जोडणारा साधा स्कॅनर लावला आणि गाडी हायवेवर नेली. शेजारी बसलेल्याने फक्त दोन गोष्टी पाहायच्या होत्या, कूलंटचे तापमान आणि इंधन नियंत्रण ओपन लूप (सेन्सरकडे न पाहता, ठरलेल्या आकड्यांनुसार) आहे की क्लोज्ड लूप (सेन्सरच्या सांगण्यानुसार). शहरातून बाहेर पडताना तापमान नव्वदच्या आसपास होते. मोकळ्या रस्त्यावर वेग स्थिर झाल्यावर ते उतरत गेले, साठच्या आसपास येऊन थांबले, आणि तेव्हा पडद्यावर ओपन लूप दिसू लागले. याचा अर्थ असा की, ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) दृष्टीने इंजिन अजून थंड होते, म्हणून तो ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्याकडे लक्ष न देता थंड इंजिनाला लागते तसे जादा पेट्रोल सोडत होता. मिश्रण असे सतत रिच (पेट्रोल जास्त असलेले) राहिले की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (सायलेन्सरच्या मार्गातील, धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याला) कार्बन मोनॉक्साइड जाळण्यासाठी लागणारा ऑक्सिजनच मिळत नाही, मग तो कितीही तापलेला असो. सेन्सर निर्दोष होता.

हायवेवर इंजिन थंड पडते याचे पहिले संशयित कारण थर्मोस्टॅट वॉल्व्ह, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह. त्याची घरगुती परीक्षा सोपी आहे. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना सुरू करावी आणि इंजिनकडून रेडिएटरकडे जाणारा वरचा जाड पाइप अधूनमधून हाताने चाचपावा, फक्त पंख्यापासून हात आणि कपडे दूर ठेवावेत. थर्मोस्टॅट चांगला असेल तर बहुतेक गाड्यांत तो पाइप काही मिनिटे गार राहतो आणि वॉल्व्ह उघडला की थोड्याच वेळात एकदम गरम होतो. या गाडीत तो सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला. दोन बोल्ट काढून हाउसिंग उघडले तेव्हा आत थर्मोस्टॅटच नव्हता. बसण्याच्या खाचेत जुन्या रबरी सीलचा काळा, कडक झालेला तुकडा तेवढा चिकटलेला होता, आणि हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर तांबूस-पांढरा थर जमला होता.

गाडी गरम होते म्हटल्यावर थर्मोस्टॅट काढून टाकायचा, ही आपल्याकडच्या अनेक गॅरेजांतील जुनी सवय आहे. त्या दिवसापुरता गाडीचा काटा खाली येतो आणि ग्राहक समाधानाने जातो. मात्र इंजिन कधीच योग्य तापमानाला न पोहोचल्याने पेट्रोल जास्त लागते, ते ऑइलमध्ये उतरते, सिलिंडरची झीज वाढते आणि पीयूसीचे रीडिंग हवामानावर अवलंबून राहू लागते. म्हणून येथे नुसता नवा थर्मोस्टॅट बसवून थांबता येत नाही. तो मुळात का काढला गेला, हे शोधावेच लागते. या गाडीत कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरले जात होते आणि त्यातील क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या निम्म्याहून अधिक चोंदल्या होत्या, म्हणून ती मूळ मालकाकडे गरम होत असावी. रेडिएटर बदलला, पंखा योग्य तापमानाला सुरू होतो का हे पाहिले, योग्य प्रमाणात पातळ केलेले कूलंट भरले आणि मग थर्मोस्टॅट बसवला. बसवण्यापूर्वी तो गॅसवर पाण्याच्या भांड्यात दोऱ्याने लटकवून, थर्मामीटर लावून, त्यावर कोरलेल्या तापमानाला खरोखर उघडतो का तेही पाहिले, कारण बाजारात नकली माल भरपूर आहे. पेट्रोल उतरून पातळ झालेले ऑइलही त्याच वेळी बदलले. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये, उकळते पाणी थेट चेहऱ्यावर उडते.

दुरुस्तीनंतर चाचणी मुद्दाम दोन्ही परिस्थितींत करून घेतली, एकदा रहदारीतून येऊन आणि एकदा हायवेने येऊन, आणि दोन्ही रीडिंग मर्यादेच्या बऱ्याच आत आणि एकमेकांच्या जवळ आली. दुरुस्ती झाली याची खूण हीच. एकदा पास होणे ही खूण नव्हे, कारण ही गाडी दोष असतानाही पास होतच होती.

तुमच्या गाडीचा नमुना याच्या उलट असेल, म्हणजे हायवेवरून थेट आल्यास पास आणि केंद्रावर रांगेत अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभी राहिल्यास फेल, तर लक्ष कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे द्यावे. कन्व्हर्टरला काम सुरू करण्यासाठी साधारण अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि आयडलिंगवर तो हळूहळू थंड होतो. नवा कन्व्हर्टर हे सहन करतो, वय झालेला करत नाही. आधी गाडी चांगली दहा-पंधरा किलोमीटर चालवून, केंद्रावर पोहोचताच रांग नसताना चाचणी घ्यावी. तेव्हा रीडिंग उत्तम आणि थोड्या वेळाने खराब येत असेल तर कन्व्हर्टर दुबळा झाला आहे किंवा इंजिन त्याच्यावर वाजवीपेक्षा जास्त भार टाकत आहे. जुन्या बाजारातील काही गाड्यांमध्ये कन्व्हर्टर आतून फोडून रिकामा केलेला असतो. थंड असताना त्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोकले तर आतल्या फुटलेल्या सिरॅमिक जाळीचे तुकडे खुळखुळतात, आणि पूर्ण रिकाम्या डब्याचा आवाज पोकळ येतो.

फेल होण्याचा संबंध पेट्रोल भरण्याशी दिसत असेल, म्हणजे पंपावर टाकी फुल्ल करून शेजारच्याच केंद्रावर चाचणी केली की रीडिंग बिघडत असेल, तर कॅनिस्टरचा (टाकीतील पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याचा) पर्ज वॉल्व्ह अडकून उघडा राहिल्याची शक्यता आहे. टाकीतील पेट्रोलची वाफ तेव्हा आयडलिंगलाही इंजिनात ओढली जाते. इंजिन आयडलिंगला असताना वॉल्व्हचा टाकीकडचा पाइप काढून तोंडाशी बोट धरावे. बहुतेक गाड्यांत आयडलिंगला तेथे सतत ओढ जाणवायला नको.

पावसाळ्यातच हायड्रोकार्बन वाढत असेल तर कॉइल आणि प्लगच्या वायरी पाहाव्यात, अंधारात बॉनेट उघडून पाहिल्यास ठिणगी बाहेर उडताना दिसतेसुद्धा. सायलेन्सरच्या पुढच्या भागातील, इंजिनजवळच्या जोडाची गळती अधिक फसवी असते, कारण ती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असली तर धुराच्या ठोक्यांमधून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला पेट्रोल कमी पडल्याचा भास होतो आणि ईसीयू ते वाढवतो. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात टक-टक असा आवाज येऊन तो इंजिन तापल्यावर नाहीसा होत असेल, तर मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटचा संशय घ्यावा. ही सर्व तपासणी उघड्यावर करावी, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे जीवघेणे आहे.

ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला हल्ली प्रत्येक दोषाचे खापर फोडले जाते. जुन्या गाडीतील रबरी पाइप आणि सील त्याने लवकर खराब होऊ शकतात, ही भीती खरी आहे आणि ते पाइप तपासलेच पाहिजेत. तथापि इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण रिच होण्याऐवजी थोडे लीन (पेट्रोल कमी असलेले) होण्याकडे कल जातो. कार्बन मोनॉक्साइड वाढल्यामुळे फेल होणाऱ्या गाडीत ई-२० ला दोष देऊन शोध थांबवणे म्हणजे खरे कारण तसेच सोडून देणे होय. सीएनजी किट असलेल्या गाडीत मात्र पेट्रोल आणि गॅस अशी दोन्ही रीडिंग स्वतंत्रपणे पाहावीत, कारण वर्षभर गॅसवर चालणाऱ्या गाडीतील पेट्रोल इंजेक्टर वापराअभावी जाम होतात.

पीयूसीचा प्रश्न सुटला तरी नूतनीकरणाच्या तपासणीत ब्रेक आणि हेडलाइट हेही असेच कधी पास, कधी फेल असे वागतात. स्वयंचलित चाचणी केंद्रावर गाडीची चाके रोलरवर ठेवून डाव्या आणि उजव्या ब्रेकची ताकद वेगवेगळी मोजली जाते. रस्त्यावर गाडी सरळ थांबते म्हणून दोन्ही बाजू समान आहेत असे समजू नये. मागच्या ड्रममधील व्हील सिलिंडर पाझरून ब्रेक शू ऑइलने भिजला असेल तर त्या चाकाची पकड तापमानानुसार बदलत राहते. पुढच्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना गंजल्या असतील तर एक चाक अर्धवट ब्रेक लागलेल्या अवस्थेत फिरते. काही किलोमीटर ब्रेकचा फारसा वापर न करता गाडी चालवावी आणि थांबल्यावर दोन्ही पुढच्या डिस्कचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने दुरून मोजावे. एक डिस्क दुसरीपेक्षा ठळकपणे गरम असेल तर त्या बाजूच्या पिना साफ करून योग्य ग्रीस लावावे लागेल. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकत्र बदलावेत. टायरमधील हवा चाचणीपूर्वी समान करावी, खेरीज बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवरील गंज आधी थोडी चालवून काढावा.

हेडलाइटच्या बाबतीत मुख्य कारण म्हणजे हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बसवलेले बाजारातील एलईडी बल्ब. त्यांचा उजेड भरपूर दिसतो, पण डिपरच्या उजेडाची वरची कड स्पष्ट राहत नाही. मूळ प्रकारचे बल्ब परत बसवावेत, उंची बदलणारे बटण शून्यावर ठेवावे आणि डिकीतील जड सामान काढून मगच बीम जुळवून घ्यावा.

खासगी गाडीच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ नुसार तिचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. त्यासाठीचा नमुना २५ मधील अर्ज मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत करता येतो. हे साठ दिवस कागदपत्रांसाठी ठेवावेत आणि दोषांचा शोध त्याच्या निदान तीन महिने आधी सुरू करावा, कारण थंडी, पाऊस, रहदारी अशा वेगवेगळ्या परिस्थितींतील दोन-तीन रीडिंग हाताशी असल्याशिवाय नमुना दिसत नाही. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली असावी. मोटार वाहन निरीक्षक चासी क्रमांकाची पेन्सिल प्रिंट (क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने घेतलेला ठसा) पडताळतात. कोकणात किंवा गोव्याच्या किनारपट्टीवर राहिलेल्या गाड्यांमध्ये तो भाग गंजाने भरलेला असतो. तेथे ग्राइंडर, तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात चालवू नये, कारण अंकांच्या कडा झिजल्या तर क्रमांकात फेरफार झाल्याचा संशय येतो. रॉकेल किंवा गंज सैल करणारे तेल लावून रात्रभर ठेवावे, दुसऱ्या दिवशी दात घासण्याच्या मऊ ब्रशने स्वच्छ करावे, कोरडे करून घरीच एक पेन्सिल प्रिंट काढावी आणि आरसीवरील क्रमांकाशी अक्षर न अक्षर जुळते का ते पाहावे. एखादे अक्षर वाचता येत नसेल तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता आधीच परिवहन कार्यालयात जाऊन लेखी कळवावे.